ड्रायव्हरला कान नसतात

वकिलातीत साहेब बदलत, गाड्या बदलत, स्वागतकक्षातल्या सोफ्यांची कापडंसुद्धा बदलत. झेंड्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर मात्र तोच राहिला होता. पहिल्या साहेबांनी मायदेशातून येताना त्याला बरोबर आणलं. ते साहेब निवृत्त होऊन घरी गेले, आता नातवंडं खेळवत असतील. हा मागे राहिला तो राहिलाच. वकिलातीतला हेडक्लार्क त्याला ‘सारथी’ म्हणायचा. आधी चेष्टेने, मग सवयीने. पुढे सगळेच म्हणायला लागले आणि त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

त्याला ते नाव आवडायचं. का आवडू नये? काळी लांब गाडी, पुढे छोटासा झेंडा, दार लावलं की बाहेरचा गोंगाट गप्प. फाटकावरचा पोलीस सलाम ठोकायचा तो मागच्या साहेबांना, पण आधी दिसायचा सारथ्याला. पहिल्या साहेबांनी त्याला सुरुवातीलाच बजावलं होतं, “ड्रायव्हरला डोळे चार हवेत, पण कान एकही नको.” त्याने ते गाठीशी बांधलं. मागच्या सीटवर भांडणं व्हायची, रडारड व्हायची, कुणाकुणाची उणीदुणी निघायची. हा मिठाची गुळणी धरल्यासारखा समोर बघत राहायचा. घरी गेल्यावरही कुणाकडे चकार शब्द काढला नाही. आणि याचा त्याला झेंड्याहून जास्त अभिमान होता.

गावी तर तो मोठाच माणूस होता. गाडीला टेकून काढलेला त्याचा फोटो आईने बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याची पहिली नजर पडेल असा लावला होता. वर्षाकाठी रजेवर गेला की तो चार-पाच लोकांत बसून परदेशच्या गोष्टी सांगायचा. बायको चहा घेऊन यायची आणि दारात थांबून ऐकायची. रात्री विचारायची, “आम्हाला कधी नेणार?”

“परवानगी नाही गं. माझ्या हातात असतं तर कालच नेलं असतं.”

“हेडक्लार्कची बायको असते ना तिथे?”

“तो हेडक्लार्क आहे. मी ड्रायव्हर आहे.”

मग ती दिवा मालवायची. रजा संपायची, हा जायचा. मुलगी वाढली, शिकली, तिचं लग्न झालं. आई धाकट्या भावाकडे राहायला गेली. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रजेत बायकोने कपाट आवरता आवरता, त्याच्याकडे न बघता विचारलं, “आता मी या घरात कुणासाठी बसू?” तो चप्पल घालून बाहेर पडला. आणि काय गंमत, त्या वर्षी परवानगी मिळाली.

अशी ती आली. गॅरेजच्या वर दोन खोल्या होत्या. पुढची बसायची, मागची झोपायची, मध्ये भिंतीला लागून ओटा. एका खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, दुसरीतून अंगण, तिथे सारथी रोज गाडी धुवायचा. खालून पेट्रोलचा आणि रबराचा वास वर यायचा. तिने नाक मुरडलं नाही. पडदे शिवले, ओटा घासून लख्ख केला आणि आठ दिवसांत तिचं काम संपलं. सारथी सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. आला की जेवायचा, बातम्या बघायचा, घोरायचा. बाहेर पाट्या वाचता येत नाहीत, दुकानदाराचं बोलणं कळत नाही, शेजारी म्हणावं तर समोरची भिंत.

“दिवसभर कुणाशी बोलत असतेस तू?” एकदा त्याने वरून आवाज ऐकून विचारलं.

“कुकरशी,” ती म्हणाली. “तो निदान शिट्टी तरी मारतो.”

तो हसला. तिला हसायला आलं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. नुकत्या टाकलेल्या चादरीवर कबुतराने आपली सही केली. तिने हातातला चिमटा त्याच्या दिशेने भिरकावला आणि खास माहेरच्या ठेवणीतलं तोंड सोडलं, “मेल्या, तुझ्या आजीने धुतलीय का ती? अख्खं आकाश मोकळं पडलंय, तुला माझीच चादर सापडली?”

अंगणापलीकडच्या साहेबांच्या बंगल्यात, वरच्या सज्जात कुणीतरी खो खो हसलं. बघते तो काय, राजदूतांच्या बाईसाहेब!

या बाईसाहेबांचं माहेर आपल्याच भाषेतलं. साहेब दुसऱ्या मुलखातले, त्यामुळे घरात इंग्रजी. मुलगा परक्या देशात शिकायला. दिवसभर मेजवान्या आणि हसरे चेहरे, पण ‘मेल्या’ म्हणणारं कुणी नाही. बाईसाहेब जिना उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “अगं, पुन्हा म्हण ना ते. कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.”

त्या दिवशी दोघींनी अंगणातच चहा घेतला. मग रोजच घ्यायला लागल्या. सारथ्याला आधी बरं वाटलं. बायको चिडचिड करेनाशी झाली होती, आणि बाईसाहेबांच्या मर्जीतला माणूस म्हणून त्याचाही भाव वधारला. मग बाईसाहेब बाजाराला निघाल्या की तिला बरोबर घ्यायला लागल्या. ती पुढे, सारथ्याच्या शेजारी बसायची. दोन-तीन दिवस असं चाललं. मग बाईसाहेब म्हणाल्या, “अगं, तू पुढून मान वळवून वळवून बोलतेस, माझीच मान दुखते. मागे ये पाहू.”

ती मागे गेली.

आता गोष्ट बारीक होती, पण सांगायला हवी. त्या गाडीची मागची दारं आतून उघडत नसत. सुरक्षेसाठी तशी व्यवस्थाच होती; ड्रायव्हरने उतरून बाहेरून उघडायची. तेव्हा सारथी उतरायचा, बाईसाहेबांचं दार उघडायचा, जरा वाकायचा, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायचा आणि बायकोचं दार उघडायचा. पहिल्यांदा तो हळूच म्हणालासुद्धा, “उतरावं, राणीसरकार.” तिने तोंडावर हात धरून हसू दाबलं. रात्री घरी दोघं त्यावर पुन्हा हसली.

पण दुकानांच्या वाहनतळावर बाकीच्या वकिलातींचे ड्रायव्हर उभे असायचे. सगळे एकमेकांना ओळखायचे, मोडक्यातोडक्या भाषेत गप्पा हाणायचे. त्यांतल्या एका ढेरपोट्याला सुगावा लागला, की मागे बसते ती सारथ्याची बायको. पुढच्या वेळी सारथ्याने तिचं दार उघडल्याबरोबर त्या ढेरपोट्याने लांबूनच टोपी काढून कमरेत वाकून मुजरा केला. बाकीचे फिदीफिदी हसले. बायकोला कळलं नाही, तीही त्याला उलट नमस्कार करून मोकळी. सारथ्याचे कान मात्र लाल झाले. त्या दिवसापासून तो तिचं दार उघडायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

“पुढेच बसत जा ना,” तो एकदा म्हणाला.

“त्या बोलावतात मागे. मी कशी नाही म्हणू?”

“आपली पायरी आपण ओळखावी.”

“मी ओळखते की. तीच चढून येते ना रोज, गॅरेजवरच्या घरात.”

असं ती पूर्वी बोलत नसे. त्याला वाटलं, हे सगळं त्या मागच्या सीटचं शिक्षण.

दिवस जात राहिले. गाडीत दोघींचं बोलणं चालायचं आणि सारथी ते ऐकायचा नाही, म्हणजे ऐकू यायचं पण ठेवून घ्यायचा नाही. आधी सगळ्या हसण्याच्या गोष्टी होत्या. सारथ्याच्या घोरण्याची नक्कल, सासूबाईंचा फोन, मुलीच्या लग्नात हरवलेली व्याह्यांची चप्पल. स्वतःच्या घोरण्याची नक्कल ऐकत गाडी वळवणं सोपं नसतं, पण तेही गिळून टाकलं त्याने. मग एक दिवस शहराबाहेरच्या एका बागेकडे जाताना रस्त्यात गाड्यांची रांग लागली. पुढे काहीतरी अडलं होतं. गाडी एक हात पुढे सरकायची, पुन्हा थांबायची. बाईसाहेबांनी सहज विचारलं, “एकच मुलगी ना तुला?”

बायकोने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “तिच्या पाठीवर मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात. रडला नाही.”

“अगंबाई.”

“मी ह्यांना कळवलं होतं. म्हटलं, या चार दिवस, नाहीतर मला घेऊन चला तिकडे, इथे घर खायला उठतं. ह्यांनी सांगितलं, रजा मिळत नाही आणि कुटुंबाला परवानगी नाही. मी म्हटलं, असेल, सरकारचा कारभार, त्याला काय माया. भाऊ आला होता माझा. त्यानेच सगळं केलं. बाळाला नेलं तेही त्यानेच.”

सारथ्याने समोरच्या गाडीच्या नंबराच्या पाटीवर डोळे रोवले. गाडी अर्धा हात पुढे सरकली.

“आणि आता इथे आल्यावर,” मागून आवाज येत राहिला, अगदी शांत, भाजी निवडत बोलावं तसा, “हेडक्लार्कच्या बायकोकडे गेले होते. तिला मी म्हटलं, तुमचं बरं, तुम्हाला पहिल्यापासून परवानगी होती. ती हसली. म्हणाली, अगं, परवानगी सगळ्यांनाच होती. आमचे हे तर तुझ्या नवऱ्याला दरवर्षी म्हणायचे, आण की बायकोला. तोच नको म्हणायचा. आणि रजेचं म्हणशील तर त्याने कधी मागितलीच नाही. साहेबांचा दौरा होता, तो चुकवायचा नव्हता त्याला.”

बाईसाहेबांनी काहीतरी हळू आवाजात म्हटलं. कदाचित त्यांनी तिचा हात हातात घेतला असावा. आरशात बघायचं सारथ्याने टाळलं. मागून कुणीतरी भोंगा वाजवला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पुढचा रस्ता मोकळा झालाय आणि आपण उभेच आहोत.

खरं होतं ते. एक शब्दही खोटा नव्हता. त्या दौऱ्यात साहेब पाच-सहा शहरं फिरणार होते, जागोजागी फोटो, बंदोबस्त, मोटारींचा ताफा आणि ताफ्यात पहिली गाडी त्याची. त्याने स्वतःला समजावलं होतं, गेलं ते गेलं, आपण जाऊन काय करणार. आणि परवानगीचं म्हणाल तर एकट्याचं बरं चाललं होतं. कुणाला जाब द्यायचा नव्हता. इथे तो सारथी होता. ती आली असती तर पुन्हा नुसता नवरा झाला असता. हे सगळं त्याने इतकं खोल पुरलं होतं, की आपण खोटं बोललो होतो हेही तो विसरला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनेच विषय काढला.

“ऐकलंत ना तुम्ही?”

“ड्रायव्हरला कान नसतात.”

“असं होय? मग मी उगाच बोलले.”

त्याने घास खाली ठेवला. “म्हणजे? मला ऐकू जावं म्हणून बोललीस तू?”

“मग काय करू? घरात बोलले असते तर तुम्ही उठून गाडी पुसायला गेला असतात. गाडी चालवताना माणसाला उठून जाता येत नाही.”

“परक्या बाईसमोर? माझ्या इज्जतीचा पंचनामा?”

“परकी कोण, ती की मी, ते आधी ठरवा,” ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

तो हरला होता हे त्याला कळत होतं. पण चूक कबूल करणं एकीकडे आणि रोज त्या चुकीसाठी वाकून दार उघडणं दुसरीकडे. पहिलं कदाचित जमलंही असतं, दुसऱ्याने तो आतून जळायला लागला. तिने बाईसाहेबांकडे जाऊ नये असं त्याने फर्मान काढलं. तिने ऐकलं नाही. हेडक्लार्ककडे रडगाणं गायलं, तो म्हणाला, “सारथी, मागच्या सीटवरच्या बायकोशी भांडू नये, अपघात होतो.” आणि खुशाल हसला. तेव्हा सारथ्याच्या मनात जे आलं ते त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

एका दुपारी बाईसाहेब एकट्याच होत्या. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्याने घसा खाकरला.

“बाईसाहेब, लहान तोंडी मोठा घास. पण खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून सांगतो.”

“काय झालं?”

“आमची ही... तोंडाची सैल आहे जरा. इथे कानावर पडलेलं तिथे बोलते. हेडक्लार्कच्या घरी, माळ्याच्या बायकोकडे. चारचौघींत तुमच्या घरच्या गोष्टी निघतात, मला बरं वाटत नाही.”

“कुठल्या गोष्टी?”

नुसत्या मोघम बोलण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही हे त्याला दिसलं. खोट्याला खऱ्याचा टेकू लागतो. त्याने टेकू दिला. “हेच, म्हणजे, धाकट्या साहेबांचं. ते शिक्षण सोडून बसलेत आणि मोठ्या साहेबांचा फोन घेत नाहीत, ते. आणि साहेब म्हणाले की मला मुलगा नाही असं समजेन, ते.”

मागे पर्सचा खटका लागल्याचा आवाज आला. मग बाईसाहेब म्हणाल्या, “गाडी घरी घ्या.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चहा बंद झाला. बायको जिन्यापर्यंत गेली आणि तिथल्या मोलकरणीने तिला खालूनच परत पाठवलं, बाईसाहेबांचं डोकं दुखतंय म्हणून. रोजच दुखायला लागलं. ती पुन्हा खिडकीशी बसायला लागली. सारथ्याने तिला काही विचारलं नाही. उलट त्या दिवसांत तो लवकर घरी यायचा, तिच्यासाठी फळं आणायचा, एकदा तर स्वतः चहा टाकला. जिंकलेला माणूस दिलदार होतो तसं चाललं होतं त्याचं. तिने चहा घेतला आणि कप विसळून ठेवला. “माझं काय चुकलं असेल हो?” असं तिने एकदा विचारलं, तेव्हा तो तिच्यासाठी फळं कापत होता. तो म्हणाला, “मोठ्या माणसांचं असंच असतं. आज उचलतील, उद्या आपटतील. मी सांगत होतो.”

पण बाईसाहेब काही दुधखुळ्या नव्हत्या. आठवड्याभराने त्यांनी गाडी काढायला सांगितली, मागे बसल्या आणि फाटकाबाहेर पडल्याबरोबर म्हणाल्या, “गाडी बाजूला घ्या.”

त्याने घेतली.

“साहेबांचं आणि माझं मुलावरून बोलणं झालं ते कुठे झालं, आठवतंय तुम्हाला?”

त्याने इंजिन बंद केलं.

“विमानतळावरून येताना. या गाडीत. त्यानंतर त्या विषयावर मी कुणाशी अक्षर बोललेले नाही. तुमच्या बायकोशीसुद्धा नाही. ती त्या दिवशी गाडीत नव्हती. गाडीत साहेब होते, मी होते,” त्या थांबल्या, “आणि तुम्ही होता.”

त्याला तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. खोट्याला टेकू द्यायला त्याने आपल्याच गाठोड्यातली वस्तू काढली होती, आणि वस्तूवर मालकाचा शिक्का होता.

“तिला जर हे माहीत असेल तर तुमच्याकडून. आणि माहीत नसेल तर तुम्ही तिच्यावर आळ घेतलात. दोन्हींतलं कुठलं सांगायचंय ते सांगा.”

“बाईसाहेब, चूक झाली.”

“कुठली?”

दोन्ही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तेही तोंडातून फुटेना.

साहेबांनी त्याला बोलावलंही नाही. हेडक्लार्कने सांगितलं, “उद्यापासून तू सामानाच्या गाडीवर.” या वेळी तो हसला नाही. “इतकी वर्षं जपलंस रे, आणि शेवटी बायकोवर डूख धरून घालवलंस,” एवढं म्हणाला. झेंड्याची गाडी दुसऱ्याला मिळाली. सारथ्याच्या वाट्याला खोकी, पार्सलं, भाजीच्या पाट्या, बंद पडलेले पंखे दुरुस्तीला नेणं आलं. त्या गाडीला एकच सीट होती आणि मागे पत्रा.

बायकोला बाईसाहेबांनीच सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती मागच्या खोलीत होती. भांडेल, रडेल, असं धरून तो चालला होता. ती बाहेर आली, त्याला वाढलं आणि समोर बसली.

“खोटं बोललात ते मी समजू शकते,” ती म्हणाली. “सवय आहे तुम्हाला. पण मी त्या खिडकीत बसून आठवडाभर आठवत होते, माझं काय चुकलं म्हणून. आणि तुम्ही मला फळं कापून देत होतात.”

“तू बिघडलीस म्हणून केलं मी. ती बाई काही तुझी मैत्रीण नाही. तिला करमणूक हवी आहे. उद्या दुसरी मिळाली की तुला विचारणार नाही.”

“ठाऊक आहे मला. मी काय तान्हं बाळ आहे? पण तिने मला विचारलं, आणि मी सांगितलं, आणि तिने ऐकलं. तुमच्या घरात मला एवढंही मिळालं नाही.”

पुढे बोलणं वाढलं नाही. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तशी दोघं राहायला लागली. ती पुन्हा वर जायला लागली होती. आता नुसती चहाला नाही, कामालाच. बाईसाहेबांनी तिला रीतसर नोकरीवर ठेवली. सारथी सामानाच्या गाडीतून भाजी आणायचा आणि वरच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाट्या ठेवायचा, तर कधी कधी मोजून घ्यायला तीच बाहेर यायची. “कोथिंबीर शिळी आहे,” असं म्हणायची आणि आत जायची.

मग साहेबांची बदली झाली. घरकामाचं एक माणूस त्यांना बरोबर नेता येत होतं. सारथ्याला बातमी हेडक्लार्ककडून कळली, पण माणूस कोण ते त्याने सांगितलं नाही, नजर चुकवली. ते बायकोने सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

“मी जाते त्यांच्याबरोबर.”

“आणि मी?”

“तुम्ही इथेच. नवे साहेब येतील. तुमची नोकरी वकिलातीची आहे, त्यांची नाही.”

“लोक काय म्हणतील?”

“नवरा इतकी वर्षं परदेशात होता तेव्हा लोक म्हणायचे, नशीबवान आहे. आता बायको जाईल तर काय, काहीतरी म्हणतील.”

“मुलीला विचारलंस?”

“विचारलं. ती म्हणाली, आई, थंडीचे कपडे घेऊन जा.”

त्याला वाटलं, आता म्हणावं, राहा. माझं चुकलं, तेव्हाही आणि आत्ताही. मुलगा गेला तेव्हा मी यायला हवं होतं. वाक्यं तयार होती, ओठांपर्यंत आली. पण ती घडी घालत होती ती त्याने तिला कधीतरी रजेवर येताना आणलेली शाल होती, आणि ती तिने बॅगेत न ठेवता कपाटात ठेवली. ते बघून त्याचा स्वाभिमान कुठूनतरी डोकं वर काढून उभा राहिला. “जा मग,” तो म्हणाला. “माझं काही अडत नाही.”

जायच्या दिवशी साहेब, बाईसाहेब आणि ती झेंड्याच्या गाडीतून गेले. सामान मागून सारथ्याच्या गाडीत. साहेबांच्या भल्यामोठ्या पेट्यांमध्ये तिची बॅग ओळखू येत होती, चेन बिघडली होती म्हणून तिने दोरीने आवळून बांधली होती. विमानतळावर हमाल कमी होते. सारथ्यानेच एकेक पेटी उतरवली आणि ढकलगाडीवर रचली. तिची बॅग सगळ्यांत वर ठेवली. ती लांबून आली, म्हणाली, “ओट्याखाली डाळीचा डबा आहे, झाकण नीट लावत जा, नाहीतर कीड लागेल.” त्याने मान हलवली. बाईसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी मात्र सवयीने हस्तांदोलन केलं, बहुधा तो कोण हे लक्षात न येता.

पाच-सहा महिने गेले. मुलीचा फोन आला की आईची खुशाली कळायची. एकदा मुलगी म्हणाली, “बाबा, तिकडे बाईसाहेबांचं मोठं वर्तुळ झालंय. आपल्याच भाषेतल्या खूप बायका आहेत त्या शहरात. आई आता फक्त स्वयंपाकघर बघते. गाडीतबिडीत नेत नाहीत.”

सारथ्याच्या अंगात वीज शिरली. हेच, हेच तर तो सांगत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी दुपारी गाडी गोदामासमोर उभी केली आणि तिला फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं.

“म्हटलं होतं ना मी? उचलतील आणि आपटतील?”

“म्हणाला होतात,” ती म्हणाली. तिच्या मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला. “खरं निघालं तुमचं.”

इतक्या सहज ती मान्य करेल असं त्याला वाटलं नव्हतं. लढाईसाठी बाह्या सरसावाव्यात आणि समोर कुणी नसावं तसं झालं.

“मग ये ना परत.”

“कशाला?”

त्याने तोंड उघडलं. दोन खोल्या आहेत, हीटर नवा बसवलाय, नव्या साहेबांचा स्वभाव बरा आहे, झेंड्याची गाडी कदाचित परत मिळेल. एवढं सगळं त्याच्याजवळ होतं. ‘कशाला’चं उत्तर त्यात नव्हतं.

“इथे मला स्वतःची खोली आहे,” तीच पुढे म्हणाली. “छोटी आहे, पण कडी आतून आहे. रविवारी सुट्टी. पाट्या वाचायला शिकतेय. बाईसाहेब बोलत नाहीत तर नाहीत, मी काही कुढत बसले नाही. तुम्ही जेवलात का?”

“जेवतो आता.”

“बरं. ठेवते, दूध उतू जाईल.”

गोदामातला माणूस काच ठोठावत होता. सारथी खाली उतरला आणि मागचा पत्र्याचा दरवाजा उघडून खोकी आत घ्यायला लागला. नव्या साहेबांची काचेची भांडी होती, जपून न्यायची होती. ढेरपोट्या ड्रायव्हर कुणाच्यातरी सामानाला तिथेच आला होता. त्याने मोडक्या भाषेत विचारलं, “मादाम कशी आहे?”

“बरी आहे,” सारथी म्हणाला आणि पुढचं खोकं उचललं.